हरलेला मुद्दा बाजूला ठेवून: सखाराम गणेश पंडित यांचा नागरिकत्वाचा दावा

१९ फेब्रुवारी १९२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध भगतसिंग थिंद’ या प्रकरणाचा निकाल दिला. हिंदुस्थानी माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, सबब त्याला अमेरिकेचं नागरिकत्व मिळू शकत नाही, असा तो एकमताचा निकाल होता. थिंद यांच्या वकिलांमध्ये लॉस एंजेलिसचे एक भारतीय वकील होते. अशील हरला की वकिलाला वाईट वाटतं, फी बुडाली तर जास्त वाईट वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी तो पुढच्या फायलीला हात घालतो. इथे तशी सोय नव्हती. हा वकील स्वतः हिंदुस्थानात जन्मलेला, अमेरिकेत नागरिकत्व मिळवलेला होता. अशिलावर पडलेली कुऱ्हाड फिरून आपल्याच मानेवर येणार, हे त्याला निकालपत्र वाचतानाच कळलं असणार.

त्यांचं नाव सखाराम गणेश पंडित. नाव वाचून मराठी वाचक चटकन ‘आपला माणूस’ म्हणेल. जन्म अहमदाबादचा, १८७५ सालचा, ब्राह्मण कुटुंबातला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते अमेरिकेत गेले आणि सुरुवातीला भारतीय तत्त्वज्ञानावर व्याख्यानं देत फिरले. त्या काळी अमेरिकेत अशा व्याख्यात्यांना बऱ्यापैकी श्रोते मिळत. मे १९१४ मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले, डिसेंबर १९१७ मध्ये त्यांना कॅलिफोर्नियाची वकिलीची सनद मिळाली, १९२० मध्ये त्यांनी लिलियन स्ट्रिंगर या अमेरिकन स्त्रीशी लग्न केलं. या तिन्ही तारखा पुढे खटल्यात कामी आल्या.

फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, न्यायालयांतल्या वकिलीबद्दल बोलायचं तर लोक मोठमोठ्या घटनात्मक विजयांची उदाहरणं देतात. मला पंडितांचं प्रकरण जास्त शिकवणारं वाटतं, कारण इथे माणूस मूळ मुद्द्यावर देशाच्या सर्वोच्च न्यायालयात सपशेल हरला आहे, तो मुद्दा पुन्हा उकरायची सोय नाही, आणि तरीही त्याला स्वतःचा दावा जिंकायचा आहे.

रंगाचा रकाना

१७९० च्या कायद्याने नागरिकत्वाचा दरवाजा फक्त ‘मुक्त गोऱ्या व्यक्तीं’साठी उघडला होता. यादवी युद्धानंतर १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. मधले सगळे, म्हणजे चिनी, जपानी, हिंदुस्थानी, अरब, आर्मेनियन, लटकलेले. गोरा म्हणजे कोण, हे कायद्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. प्रत्येक न्यायाधीश आपापल्या परीने ठरवी.

त्या काळच्या इरादापत्राचा, म्हणजे नागरिक होण्याचा इरादा जाहीर करणाऱ्या कागदाचा, छापील नमुना पाहण्यासारखा आहे. अर्जदाराच्या वर्णनात आधी ‘रंग’ असा रकाना आणि लगेच त्याच्या शेजारी ‘कांती’ असा वेगळा रकाना. त्यापुढे उंची, वजन, केस, डोळे. त्यामुळे एकाच ओळीत ‘रंग गोरा, कांती काळसर’ असं लिहिलेले कागद सापडतात आणि कारकुनालाही त्यात काही वावगं वाटत नसे. पहिला रकाना कायद्यासाठी होता, दुसरा माणूस ओळखण्यासाठी. पुढची तीस वर्षं न्यायालयं या दोन रकान्यांमधल्या फटीत अडकून पडली.

भारतीयांना ही फट काही काळ फायद्याची ठरली. मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा यांचं नागरिकत्व १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल अपील न्यायालयाने कायम केलं. १९१३ मध्ये वॉशिंग्टन राज्यात अक्षयकुमार मोझुमदार यांना फेडरल न्यायाधीश रडकिन यांनी नागरिकत्व दिलं, कारण उच्च जातीचा हिंदू हा आर्य, आर्य म्हणजे कॉकेशियन, आणि कॉकेशियन म्हणजे गोरा, अशी साखळी न्यायालयाने मान्य केली. पुढच्याच वर्षी पंडितांचा अर्ज लॉस एंजेलिस काउंटीच्या सुपीरियर कोर्टासमोर आला. नागरिकत्व हा फेडरल विषय असला तरी त्या काळी राज्यांच्या न्यायालयांनाही ते बहाल करण्याचा अधिकार होता.

सरकारचा नागरिकत्व परीक्षक तिथे हजर राहिला आणि त्याने हरकत घेतली: अर्जदार गोरा नाही. म्हणजे चालायची तशी सुनावणी चालली, दोन्ही बाजू ऐकल्या गेल्या, आणि न्यायालयाने पंडितांच्या बाजूने हुकूम केला. सरकारने पुढे काही केलं नाही. काउंटीच्या दप्तरात तो हुकूम पडून राहिला.

ज्याने पहिल्या पायरीवर विरोध केला तो पक्ष नंतरही आपल्याला त्रास देणार असं आपण धरून चालतो. पंडितांच्या बाबतीत सरकारचा १९१४ चा विरोध हाच पुढे त्यांचा सर्वांत भक्कम पुरावा ठरला. त्या दिवशी परीक्षक गप्प बसला असता तर बारा वर्षांनी पंडितांकडे दाखवायला फारसं काही राहिलं नसतं.

थिंद प्रकरणात काय बिघडलं

नोव्हेंबर १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थाचा अर्ज फेटाळला. न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी लिहिलं की गोरा म्हणजे कातडीचा रंग नव्हे; गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा. जपानी कॉकेशियन नाहीत, विषय संपला. थिंद यांच्या वकिलांना हे वाचून हायसंच वाटलं असेल. सगळ्या मानववंशशास्त्राच्या पुस्तकांत उत्तर हिंदुस्थानी माणूस कॉकेशियन गटात टाकलेला होता. आता फक्त दोन ओळी जोडायच्या होत्या.

तीन महिन्यांनी त्याच सदरलँड यांनी त्याच पुस्तकांना बाजूला सारलं. कायद्यातले शब्द शास्त्रज्ञांचे नसून सामान्य माणसाच्या बोलण्यातले आहेत, आणि सामान्य माणूस हिंदूला गोरा म्हणत नाही, असं त्यांनी थिंद निकालात ठरवलं. एखादा सोनेरी केसांचा स्कँडिनेव्हियन आणि सावळा हिंदू यांचा पूर्वज प्राचीन काळी एकच असेलही, पण आज त्यांच्यात किती अंतर आहे हे सर्वांना ठाऊक आहे, अशा आशयाचं ते विधान आजही वर्गात वाचून दाखवलं जातं. (सदरलँड स्वतः इंग्लंडमध्ये जन्मलेले, लहानपणी आईवडिलांबरोबर आलेले. त्यांच्या रकान्याची तपासणी कुणी केली नाही.)

थिंद यांची हकीकत वेगळ्या लेखाची आहे. अमृतसर जिल्ह्यातला शीख तरुण, १९१३ मध्ये अमेरिकेत आलेला, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात भरती झालेला. डिसेंबर १९१८ मध्ये त्यांना नागरिकत्व मिळालं आणि चार दिवसांत काढून घेतलं गेलं. १९२० मध्ये ऑरेगनमध्ये पुन्हा मिळालं, तेही सरकारी परीक्षकाने विरोध केला असताना. मग सरकारने ते रद्द करण्याचा दावा लावला. फेडरल अपील न्यायालयाने स्वतः निकाल न देता सर्वोच्च न्यायालयाकडे दोन प्रश्न लिहून पाठवले: अमृतसरला जन्मलेला, पूर्ण हिंदुस्थानी रक्ताचा उच्च जातीचा हिंदू हा गोरा आहे का, आणि १९१७ चा आशियाई प्रवेशबंदीचा कायदा त्याच्या आड येतो का. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आल्यावर दुसऱ्याची गरज उरली नाही.

आता इथे थांबून नीट पाहा. थिंद यांच्याकडेही लढून मिळवलेला हुकूम होता. सरकारने विरोध केला, न्यायालयाने ऐकलं, निकाल दिला. ‘हा प्रश्न आमच्या दोघांत एकदा मिटला आहे’ असं म्हणायला तिथेही जागा होती. पण वर गेलेल्या दोन प्रश्नांत तो प्रश्न नव्हताच. वर पाठवलेल्या प्रश्नांपलीकडे सर्वोच्च न्यायालय सहसा जात नाही. अपिलाचा अर्धा निकाल प्रश्न लिहिले जातात त्या टेबलावरच लागतो, हे कुठल्याही जिल्हा न्यायालयात मुद्दे काढताना भांडणाऱ्या वकिलाला सांगावं लागत नाही.

दुसरी गोष्ट लिहायला बरी वाटत नाही, पण टाळता येत नाही. थिंद यांच्या बाजूच्या लेखी युक्तिवादात जातीचा आधार घेतला होता. उच्च जातीचा हिंदू हा हिंदुस्थानातल्या मूळच्या ‘मंगोलवंशी’ लोकांकडे लग्नसंबंधाच्या बाबतीत तसाच पाहतो जसा अमेरिकन माणूस निग्रोकडे पाहतो, अशी तुलना त्यात होती. म्हणजे आम्ही तुमच्यासारखेच, कारण आम्हीही तुमच्यासारखेच माणसं दूर ठेवतो. १९१६ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठातल्या एका परिसंवादात पंचविशीतल्या भीमराव आंबेडकरांनी निबंध वाचून दाखवला होता, त्यात जातीची यंत्रणा चालते ती जातीतल्या जातीत लग्नं लावून, असं त्यांनी मांडलं होतं. त्याच देशात, सात वर्षांच्या आत, तीच लग्नबंदी वकिलांनी रक्तशुद्धीचा दाखला म्हणून सर्वोच्च न्यायालयात सादर केली. वकील अशिलासाठी मिळेल ते हत्यार उचलतो हे मान्य. पण हे हत्यार चाललंही नाही. न्यायालयाने उलट म्हटलं की हिंदुस्थानात आलेले आर्य स्थानिकांत मिसळलेच, जातीने ते पूर्ण थांबलं नाही. मतं गेली, आणि ज्या लोकांना खाली ढकलून मतं मागितली त्यांच्याशी नातंही गेलं.

पंडित या सगळ्यात होते. त्यांचा पुढचा बचाव वाचताना मला जाणवतं ते हे की या प्रकारच्या युक्तिवादावर आता त्यांना भिस्त ठेवता येणार नव्हती.

सरकारचा दावा

१९०६ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम १५ प्रमाणे, नागरिकत्वाचं प्रमाणपत्र फसवणुकीने किंवा ‘बेकायदेशीरपणे’ मिळवलं असेल तर ते रद्द करण्यासाठी सरकारी वकील फेडरल न्यायालयात दावा लावू शकत. थिंद निकालानंतर सरकारने हे कलम भारतीयांविरुद्ध वापरायला काढलं. फसवणुकीचा आरोप कुणावरच नव्हता. म्हणणं इतकंच: हिंदू गोरा नाही, तो कधीच गोरा नव्हता, म्हणून त्याला दिलेलं प्रमाणपत्र पहिल्या दिवसापासूनच बेकायदेशीर. १९२३ चा अर्थ १९१४ ला चिकटवायचा. डझनावारी भारतीयांवर असे दावे झाले आणि बरेचजण हरले.

पंडितांवर दावा आला तेव्हा पणाला काय लागलं होतं ते पाहू. कॅलिफोर्नियात वकिली करायला नागरिक असणं आवश्यक होतं. याच कारणाने १८९० मध्ये हाँग येन चांग या चिनी वकिलाला त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सनद नाकारली होती. ती त्यांना मरणोत्तर द्यायला २०१५ साल उजाडावं लागलं. म्हणजे प्रमाणपत्र गेलं की पंडितांची सनद गेली. १९१३ आणि १९२० च्या राज्याच्या परकीय जमीन कायद्यांमुळे नागरिकत्वाला ‘अपात्र’ परकीयाच्या नावावरची स्थावर मालमत्ता धोक्यात येई, म्हणजे राहतं घर धोक्यात. आणि बायको. १९०७ च्या कायद्याने परकीयाशी लग्न करणारी अमेरिकन बाई नवऱ्याचं नागरिकत्व घेई. पंडित मुळात नागरिक झालेच नव्हते असं ठरलं, तर अमेरिकेत जन्मलेल्या लिलियनबाई १९२० च्या लग्नाच्या दिवशीच परदेशी झाल्या असा हिशेब निघे. नागरिकत्व रद्द झालं तर माणूस पुन्हा ब्रिटिश प्रजाजन होतो का, हाही गोंधळ होता. शपथ घेताना प्रत्येकाने पंचम जॉर्ज बादशहाचं नाव घेऊन त्याच्यावरची निष्ठा सोडलेली. ब्रिटिश कायदाही आपणहून परदेशी नागरिकत्व घेणाऱ्याला प्रजाजन मानत नसे. तिकडून नाव कापलेलं, इकडून आता खोडलं जाणार.

अमेरिकेत राहणारे हिंदुस्थानी क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्या पत्नी मेरी कीटिंग दास यांच्यावर हीच वेळ आली होती. त्या अमेरिकेत जन्मलेल्या, जुन्या घराण्यातल्या. नवरा हिंदुस्थानी म्हणून आपलं नागरिकत्व जातं याविरुद्ध त्यांनी जाहीरपणे आवाज उठवला.

बचावाची फेरमांडणी

थिंद निकाल हातात असताना ‘मी गोरा आहे’ हे म्हणणं पंडितांना बंद झालं होतं. ते म्हटलं असतं तर दावा एका तारखेत संपला असता. म्हणून त्यांनी प्रश्न बदलला. मी गोरा आहे की नाही हे मला आज सिद्ध करायचं नाही. तो प्रश्न सरकार आणि मी यांच्यात १९१४ मध्येच ठरलेला आहे, आणि तुम्ही तो पुन्हा काढू शकत नाही.

आपल्याकडे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ११ ची हरकत म्हणतात ती हीच: त्याच पक्षकारांत, तोच मुद्दा, अधिकार असलेल्या न्यायालयाने ऐकून निकाली काढला असेल तर पुन्हा दावा नाही. कल्पना इंग्रजांनी आणलेली नाही. स्मृतिकारांनी प्रतिवादीच्या चार उत्तरांत प्राङ्न्याय, म्हणजे आधीच झालेला न्याय, हे एक सांगितलं आहे, आणि मिताक्षरेत त्याची चर्चा आहे. या हरकतीचं सामर्थ्य असं की पहिला निकाल चुकीचा होता हे दाखवून ती हटत नाही. चुकीचा निकालही अपील न झाल्यास पक्षकारांना बांधतो. पंडितांना नेमकं हेच हवं होतं. थिंद निकालाने १९१४ चा हुकूम चुकीचा ठरवला असेल, मान्य; पण तो हुकूम होता, आणि सरकार तिथे उभं राहून हरलं होतं.

दुसरा आधार न्यायबुद्धीचा. प्रमाणपत्र रद्द करण्याचा दावा हा समन्यायी स्वरूपाचा, ज्यूरीशिवाय न्यायाधीशासमोर चालणारा. अशा दाव्यात न्यायालय विचारू शकतं की मागणाऱ्याने इतकी वर्षं काय केलं आणि त्याच्या गप्प बसण्यावर विसंबून दुसऱ्याने काय काय केलं. इथे पंडितांनी आपलं आयुष्यच पुराव्यात मांडलं: नागरिक आहोत या भरवशावर त्यांनी हिंदुस्थानातल्या वडिलोपार्जित हक्कावर पाणी सोडलं, कायद्याचा अभ्यास करून व्यवसाय उभा केला, घर घेतलं, लग्न केलं. यात कुठे आर्यवंश नाही, जात नाही, कवटीची मापं नाहीत. तारखा आहेत आणि त्यांच्या मागोमाग घेतलेले निर्णय आहेत. थिंद प्रकरणात सरकारचा दावा नागरिकत्व मिळाल्यावर लगेच आला होता, त्यामुळे तिथे असा पुरावा साठायला वेळच मिळाला नव्हता.

सरकारचं उत्तर अगदीच कच्चं नव्हतं. एक, सार्वभौम सरकारला विलंबाचा किंवा एस्टॉपेलचा (आधीच्या वागण्याच्या उलट नंतर म्हणता न येण्याचा) मुद्दा सहसा लागू पडत नाही. अधिकाऱ्याच्या सुस्तीने राज्याचा हक्क बुडत नाही. आपल्याकडेही सरकारी वकील हे वाक्य दर दुसऱ्या प्रकरणात म्हणतात. दोन, आणि हे जास्त जड: १९१७ चा नेस निकाल. त्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की सुनावणीत हजर राहून विरोध करण्याचा सरकारचा हक्क आणि नंतर कलम १५ खाली रद्दीचा दावा लावण्याचा हक्क हे एकमेकांना पर्याय नाहीत. पहिला वापरला म्हणून दुसरा जात नाही. वरवर पाहता पंडितांची हरकत इथेच कोसळते.

माझ्या वाचनात नेसमधून बाहेर पडायची वाट त्या प्रकरणाच्या तथ्यांत आहे. नेस यांनी कायद्याने सक्तीचा असलेला आगमनाचा दाखला अर्जाला जोडलाच नव्हता. कागद आहे की नाही, एवढाच प्रश्न; त्यात पुरावा तोलण्यासारखं काही नाही. पंडितांच्या सुनावणीत अर्जदार विशिष्ट वर्गातला आहे का हा वादग्रस्त प्रश्न होता, आणि तो ठरवणं हेच त्या न्यायालयाचं काम होतं. एक न्यायालय आपल्या अधिकारात वाद ऐकून निर्णय देतं, तेव्हा तो निर्णय ‘बेकायदेशीरपणे मिळवला’ असं म्हणायचं, तर मग न्यायालयाची प्रत्येक चूक बेकायदेशीर ठरेल आणि कुठलाच हुकूम कधीच पक्का होणार नाही.

आणि मग नशिबानेही थोडी साथ दिली. नागरिकत्व देणं हे न्यायालयीन काम की निव्वळ कचेरीतलं प्रशासकीय काम, याबद्दल बरीच वर्षं घोळ होता. प्रशासकीय असेल तर त्याला निवाड्याची अंतिमता कशी येणार? १९२६ मध्ये तुतुन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हा खराखुरा न्यायालयीन वाद असतो, त्यातला आदेश हा निवाडा असतो आणि त्यावर अपील चालतं. नेस आणि तुतुन, दोन्ही निकाल न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनीच लिहिलेले. निवाडा म्हटला की निवाड्याचे सगळे गुण त्याला आपोआप चिकटतात, आणि ‘तेव्हा अपील का नाही केलंत’ हा प्रश्न सरकारला विचारता येतो.

लॉस एंजेलिसच्या फेडरल जिल्हा न्यायालयात पंडित जिंकले. सरकारने अपील केलं. हे तेच नवव्या सर्किटचं (सर्किट म्हणजे फेडरल अपील न्यायालयाचा प्रादेशिक विभाग) अपील न्यायालय ज्याने थिंद यांचे प्रश्न वर पाठवले होते आणि १९२४ मध्ये मोझुमदार यांचं नागरिकत्व रद्द करणारा हुकूम कायम केला होता. १९२६ मध्ये त्याच न्यायालयाने पंडितांच्या बाजूने निकाल दिला: १९१४ चा निवाडा सरकारला बांधतो. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारची पुढच्या अपिलाच्या परवानगीची विनंती नाकारली.

अशी नकारघंटा म्हणजे निर्णयावर शिक्कामोर्तब नव्हे, हे इथे सांगायला हवं. अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय बहुतेक विनंत्या कारण न देता फेटाळतं. पण पंडितांना त्याहून अधिक काही नको होतं. कारणं देणारा नवा निकाल आला असता तर तो कुठल्या दिशेने गेला असता याची खात्री कुणी दिली असती?

कुणाला लाभ झाला, कुणाला नाही

कॅलिफोर्नियातल्या या पराभवानंतर सरकारचा रद्दीच्या दाव्यांतला जोर ओसरला. आयोवा विद्यापीठात शिकवणारे सुधींद्र बोस यांना १९२७ मध्ये नागरिकत्व परत मिळालं. तरी एका सर्किटचा निकाल दुसऱ्याला बांधत नाही. न्यूयॉर्क राज्यात स्कनेक्टडी इथे जनरल इलेक्ट्रिक कंपनीत चुंबकत्वावर काम करणारे अभियंते शंकर लक्ष्मण गोखले यांच्याविरुद्धचं प्रकरण १९२८ मध्येही दुसऱ्या सर्किटच्या अपील न्यायालयात चालू होतं. पंडितांनी आणलेली वाट प्रत्येकाला आपापल्या न्यायालयात पुन्हा पाडून घ्यावी लागत होती, आणि त्यासाठी वकील, पैसा आणि चिकाटी लागत होती.

वैष्णोदास बगई यांच्याकडे पैसा होता. १९१५ मध्ये पत्नी कला आणि तीन मुलांना घेऊन ते सॅन फ्रान्सिस्कोला आले, तिथे दुकान काढलं, १९२१ मध्ये नागरिक झाले. थिंदनंतर ते नागरिकत्व गेलं. मायदेशी नातलगांना भेटायला जायचं तर ब्रिटिश पासपोर्ट घ्या, असं त्यांना सुचवलं गेलं. जी निष्ठा सोडून आलो ती पुन्हा घ्यायला त्यांनी नकार दिला. १९२८ मध्ये, म्हणजे पंडितांच्या विजयानंतर, त्यांनी सॅन होजे इथे गॅस सोडून आत्महत्या केली. मागे ठेवलेल्या पत्रात त्यांनी घराचा हक्कही न राहिलेल्या आपल्या आयुष्याला सोन्याच्या पिंजऱ्याची उपमा दिली होती.

पंडितांच्या यशाला मर्यादा होती ती त्याच्या मांडणीतच. ‘जुना निवाडा हलवू नका’ हे ज्याच्याकडे जुना निवाडा आहे त्याच्याच उपयोगाचं. १९२३ नंतर अर्ज करू पाहणाऱ्या भारतीयाला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. त्याच्यासाठी थिंद निकाल जसाच्या तसा उभा होता. काही टीकाकार म्हणतात की पंडितांनी मूळ अन्यायाला हात न घालता स्वतःपुरती पळवाट काढली. मला हे पटत नाही. १९२६ मध्ये तो अन्याय न्यायालयात हटणार नव्हता, हे तीन वर्षांपूर्वी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं होतं. तो हटला तो अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे संसदेत, वीस वर्षांनी: २ जुलै १९४६ च्या ल्यूस-सेलर कायद्याने भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला, सोबत वर्षाला १०० जणांचा प्रवेशाचा कोटा. वंशाची अट पूर्णपणे गेली १९५२ मध्ये. थिंद मात्र त्याआधीच, सैनिकांसाठी झालेल्या १९३५ च्या कायद्याचा आधार घेऊन, १९३६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तिसऱ्यांदा नागरिक झाले. त्यांनाही शेवटी वंशाने तारलं नाही. सैन्यातून सन्मानाने मुक्त केल्याच्या कागदाने तारलं.

टीका करायचीच तर ती १९२३ च्या लेखी युक्तिवादातल्या जातीच्या परिच्छेदावर करावी. तिथे पर्याय होता. उच्च जातीची शेखी न मिरवता कॉकेशियन वर्गीकरणाचा मुद्दा मांडता आला असता. १९२६ च्या बचावात अशी कुणाला खाली दाखवण्याची गरज पडली नाही. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले तर दुसरा वकिली म्हणूनही सरस आहे: विरुद्ध पक्षाने काय केलं, कधी केलं, कुठे गप्प बसला, एवढ्यावर तो उभा आहे, आणि न्यायाधीशाला मानववंशशास्त्रावर मत द्यायची वेळच तो आणत नाही.

पंडितांची सनद राहिली. १९५९ मध्ये त्यांचा मृत्यू झाला, तोपर्यंत ते अमेरिकेचे नागरिक होते, लॉस एंजेलिस काउंटीच्या १९१४ च्या त्याच हुकुमावर.